बाळंतिणीचा कानोसा

माझी बायको उज्ज्वला जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि लेकीचं, ईश्वरीचं, पहिलं बाळंतपण माझ्या वाट्याला आलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली पद्धत. पण माहेर म्हणजे आई. आई नसलेल्या घराला माहेर म्हणायचं की नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जावई तेजसचं म्हणणं होतं की पुण्यातच करू, तिथे मोठं हॉस्पिटल आहे. ईश्वरीच ऐकेना. ती म्हणाली, मी बाबांकडे जाणार. यात तिला माझी काळजी होती की स्वतःची हौस, ते मी विचारलं नाही. सातव्या महिन्यात ती फलटणला आली आणि आईच्या खोलीत राहायला लागली.

मी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं नोकरी केली. माझं काम गळती शोधायचं. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखालचं पाणी ऐकायचं. पाइप कुठे फुटलाय ते मी हातभर इकडे-तिकडे सांगू शकायचो. बाळंतपणातलं मला काहीच कळत नव्हतं. डिंक किती आणायचा, हेसुद्धा मी दुकानदाराला विचारलं होतं आणि तो हसला होता.

म्हणून मी अक्कांना बोलावलं. अक्का म्हणजे उज्ज्वलाची मोठी बहीण, प्रमिला. लोणंदला असतात. लेकी-सुनांची आणि शेजारणींची मिळून अकरा बाळंतपणं त्यांनी केलेली. दोन पिशव्या घेऊन त्या आल्या. एकीत खारीक, डिंक, ओवा, बाळंतशेपा. दुसरीत जुनी मऊ लुगडी. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि मला सांगितलं, "दाजी, तुम्ही आता फक्त बाजारहाट बघायचा." मला बरं वाटलं. घरात पुन्हा कुणीतरी मला कामं सांगत होतं.

भांडण झालं ते इंजेक्शनवरून.

गेल्या चार-पाच वर्षांत आमच्यासारख्या गावातही पाठीत इंजेक्शन देऊन न दुखता बाळंतपण व्हायला लागलं आहे. त्याआधी होत नव्हतं. ते इंजेक्शन द्यायला पंधरा मिनिटं लागतात, पण दिल्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतो. रक्तदाब पडतो का, नळी सरकते का, बाळाचे ठोके नीट आहेत का, आणि बाळंतपणानंतरही काही दिवस बाईला त्रास होत नाही ना. तीन गावांत मिळून भूलतज्ज्ञ एक. ती एवढा वेळ कुणाजवळ बसणार? मग ही लक्ष ठेवणारी यंत्रं आली आणि ते जमायला लागलं.

अक्कांना ते पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, त्या इंजेक्शनाने जन्मभर कंबर धरते. त्यांच्या पुतणीची धरली आहे. शिवाय आजवर बायका काय इंजेक्शनं घेऊन बाळंत झाल्या का? ईश्वरी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि काही बोलायची नाही. एकदा जेवताना पुन्हा तोच विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, "उज्ज्वला मला सांगून गेली आहे. ईश्वरीच्या वेळी तिला दुखू द्यायचं नाही, ते इंजेक्शन द्यायचं."

अक्कांनी तो विषय सोडला. गेलेल्या बहिणीचा शब्द त्या मोडणार नव्हत्या. ईश्वरीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, ठीक आहे, घेते.

आठवड्याभराने आम्ही भूलतज्ज्ञ डॉक्टरांना भेटायला गेलो. डॉक्टर शबाना मुजावर. पस्तिशीच्या असतील. त्यांनी सगळं चित्र काढून सांगितलं. पाठीच्या कण्यात जी मोठी नस असते तिच्याभोवती पाण्यासारखा द्रव असतो. तो द्रव धरून ठेवणारी एक पातळ पिशवी असते, ती थेट मेंदूपर्यंत जाते. सुई त्या पिशवीच्या बाहेरच थांबवायची, तिथे एक बारीक नळी ठेवायची आणि नळीतून थोडं थोडं औषध सोडत राहायचं. कमरेखालून दुखणं वर नेणाऱ्या नसा बधिर होतात. बाई जागी असते, बोलते, कळा द्यायच्या वेळी जोर लावते.

"आणि सुई पिशवीला लागली तर?" मी विचारलं.

"दोनशेत एखादीला लागते," डॉक्टर म्हणाल्या. "कितीही जपलं तरी. मग बारीक भोक पडतं आणि द्रव पाझरतो."

मी म्हणालो, म्हणजे लाइन फुटली नाही, पण जॉइंटमधून ठिबकतंय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच. पुढे त्यांनी सांगितलं ते असं. मेंदू त्या द्रवात तरंगत असतो. द्रव कमी झाला की बसल्यावर, उभं राहिल्यावर मेंदू जरासा खाली ओढला जातो. डोकं फुटेल असं दुखतं. आडवं झालं की थांबतं. बहुतेक बायकांचं आपोआप बरं होतं. काहींचं होत नाही. आणि क्वचित एखादीच्या डोक्यातल्या बारीक शिरा ताणल्या जाऊन तुटतात आणि आत रक्त साचतं. भीती त्याची.

त्यासाठी त्यांच्याकडे एक यंत्र होतं. चवळीच्या शेंगेतल्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, कानात बसणारं. त्याचं नावच कानोसा. आतल्या कानातलं पाणी आणि मेंदूभोवतीचं पाणी केसाएवढ्या वाटेने जोडलेलं असतं. डोक्यातला दाब कमी झाला की कानाच्या पडद्याचा ताण बदलतो. यंत्र कानात बारीक टिकटिक करतं आणि पडद्यावरून परत येणारा आवाज ऐकतं. बाई आडवी असताना किती, बसल्यावर किती, चालताना किती, असं सगळं मोजतं आणि हॉस्पिटलला कळवत राहतं. डोकं दुखायला लागण्याच्या आधीच गळती समजते. सोबत एक छोटी डबी असते, ती उशाशी ठेवायची. डबीवरचा दिवा हिरवा असला म्हणजे यंत्र ऐकतंय. लाल झाला म्हणजे ऐकत नाही, मग हॉस्पिटलचा फोन येतो.

एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं? मला ते यंत्र समजायला दोन मिनिटं लागली. अक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना नीट समजावून सांगावं, असं माझ्या मनात आलं नाही. एवढंच सांगितलं, की कानात यंत्र असणार आहे आणि दिवा हिरवा राहिला पाहिजे. ती माझी चूक.

ईश्वरीला एका मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या. तेजस पुण्याहून निघाला होता. तो पोचेपर्यंत मला आत थांबू दिलं. इंजेक्शन दिलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. दहा मिनिटांनी ईश्वरी म्हणाली की दुखायचं थांबलंय. तिचा चेहरा सैल झाला. आणि लगेचच ती म्हणाली, "बाबा, मळमळतंय," आणि तिचे ओठ पांढरे पडले. पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा झरझर खाली येत होता. मी पलंगाचा कठडा धरला. सिस्टर गावित म्हणून नंदुरबारकडच्या एक नर्स होत्या, त्या काही न बोलता पुढे आल्या. ईश्वरीला डाव्या कुशीवर वळवलं, सलाईन मोठं केलं. पाठीतल्या नळीला जोडलेल्या पंपाने स्वतःच औषध कमी केलं होतं. डॉक्टरांनी शिरेतून एक इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत आकडा जागेवर आला. सिस्टर मला म्हणाल्या, "काका, बसा तुम्ही. नाहीतर तुम्हाला एक पलंग द्यावा लागेल."

दुपारी मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम. तेजस तिथेच होता. तो रडला, मी बाहेर जाऊन रडलो.

उज्ज्वलाच्या बाळंतपणात मी असाच बाहेर होतो, पण ते वीस तास होते. ते मी विसरलो नव्हतो.

दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुजावर म्हणाल्या की कानोशात दाब किंचित उतरलेला दिसतोय. काळजीचं नाही, पण पुढचे चार दिवस महत्त्वाचे. अजून उतरला तर लगेच बोलावू. यंत्र चोवीस तास कानात राहू द्या. मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो, तेजसची दोन दिवसांची महत्त्वाची मीटिंग होती म्हणून तो पुण्याला गेला. पाचवीला संध्याकाळी येतो म्हणाला.

घरी आल्यावर अक्कांचं राज्य सुरू झालं. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, अळिवाची खीर. खोलीची खिडकी बंद. ईश्वरीने उठायचं नाही, बाजेवर पडूनच बाळाला पाजायचं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने उगाच ये-जा करायची नाही, असंही त्यांनी सांगितलं. मी दारातून विचारायचो, बरं आहे ना? आतून ईश्वरी म्हणायची, बरं आहे बाबा. डबी उशाशी होती. दिवा हिरवा होता. मी तो दारातून रोज चार वेळा बघायचो.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर गावितांचा फोन आला. आवाज खुशीत होता. म्हणाल्या, "काका, मुलीला जरा दमाने घ्यायला सांगा. रीडिंग एकदम छान आहे. पण दोन दिवसांत अकरा हजार पावलं झालीत. पहाटे पाचला उठून कुठे फिरते ती?"

मीही हसलो. म्हणालो, सांगतो. फोन ठेवला आणि हसू थांबलं. ईश्वरी दोन दिवसांत न्हाणीघरापलीकडे गेली नव्हती. तिथेही अक्का धरून न्यायच्या.

अक्का मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत होत्या. संध्याकाळी पाचवी पुजायची म्हणून त्यांनी पाटा धुऊन उन्हात उभा केला होता. मी जवळ जाऊन विचारलं, "अक्का, ते कानातलं यंत्र कुठंय?"

त्यांनी डोक्यावरचा पदर बाजूला केला आणि डावा कान दाखवला. "हे काय, आहे की. आंघोळीपुरतं काढते. नाहीतर एक मिनिट काढलं नाही मी."

त्या सांगायला लागल्या. बाळंतिणीच्या कानात वारा जाऊ नये म्हणून कापसाचे बोळे घालून कान बांधायचे असतात. ते यंत्र कानात असताना बोळा कसा घालणार? काढून ठेवलं तर दिवा लाल झाला. लाल झाला की फोन येणार, माणसं येणार, दारं उघडी राहणार. मग त्यांनी ते आपल्या कानात घालून पाहिलं. दिवा हिरवा झाला. "दिवा हिरवा पाहिजे म्हणाला होतात ना तुम्ही? रात्री टिकटिकीने झोप लागत नाही मला. पण ठेवलंय."

त्यांना वाटत होतं की मी शाबासकी देईन. मला रागावताही येईना. ज्यांनी ते यंत्र बनवलं त्यांना दाब माहीत होता, कानाचा पडदा माहीत होता, पण आमच्या अक्का माहीत नव्हत्या. आता जे नवे कानोसे येतात ते आधी कान ओळखतात, दुसऱ्याच्या कानात घातले तर चालत नाहीत. सिस्टर गावित त्याला अक्कांची सुधारणा म्हणतात. पण ते पुढचं.

मी न विचारता खोलीत गेलो. आत धुरी भरली होती. ईश्वरी डोक्याला आणि कानांना फडकं बांधून आडवी होती. बाळ कुशीत झोपलं होतं. मी म्हणालो, जरा उठून बस. ती नको म्हणाली. का, तर मान आखडली आहे. मी पुन्हा म्हणालो, बस. ती हातावर जोर देऊन उठली. उठताक्षणी तिने डोळे मिटले आणि दात आवळले. मी पाण्याचा पेला पुढे केला. तिने डोळे उघडून हात पुढे केला आणि पेल्याच्या शेजारी, रिकाम्या हवेत मूठ मिटली.

"दोन दिसताहेत?" मी विचारलं.

"कालपासून." ती परत आडवी झाली. "आडवं झालं की दुखायचं थांबतं. कानात गुंई आवाज येतो. बरं होईल म्हणून थांबले."

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. तिने बाळावरचं दुपटं सारखं केलं. मग हळू आवाजात म्हणाली, "इंजेक्शन घे म्हणून तुम्हीच एवढं लावून धरलं होतं. मला काही झालंय म्हटल्यावर मावशी तुम्हाला किती बोलली असती. म्हणून तिने यंत्र काढलं तेव्हाही मी अडवलं नाही."

म्हणजे ती मला सांभाळत होती. डोकं फुटायची वेळ आली तरी मला बोलणी बसू नयेत म्हणून बाजेवर पडून होती. आणि आमच्या पद्धतीने सगळं लपवलं होतं. बाळंतिणीने उठायचं नाही. उठलीच नाही, तर बसल्यावर दुखतं हे कळणार कुणाला?

मी हॉस्पिटलला फोन केला. तेजसला केला. दारात वळलो तर अक्का उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, पाचवी झाल्याशिवाय बाळंतीण घराबाहेर काढायची नाही. कानातलं यंत्र काढून त्यांनी पदराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मग आत जाऊन शेगडीवर पाणी ओतलं, खिडकी उघडली आणि बाळाची पिशवी भरायला लागल्या. ती भरून होते न होते तोच रुग्णवाहिका दारात आली.

हॉस्पिटलमध्ये आधी डोक्याचं स्कॅन केलं. तो अर्धा तास मी मोजला नाही, मला मोजता आला नसता. रक्त साचलेलं नव्हतं. पण कानोसा ईश्वरीच्या कानात बसवला आणि तिला बसवलं तेव्हा आकडा खूप खाली गेला. सिस्टर गावित पडद्याकडे बघत म्हणाल्या, मग एवढे दिवस मी कुणाचे आकडे बघत होते? मी त्यांना सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

डॉक्टर मुजावरांनी पुढचं सांगितलं. पाण्याची गळती बंद करायला तिचंच रक्त वापरायचं. दंडातून वीस मिलिलिटर रक्त काढायचं आणि पाठीत, जिथे आधी सुई घातली होती तिथेच पिशवीच्या बाहेर सोडायचं. रक्त गोठतं आणि भोक बुजतं. हा उपाय जुना आहे, खूप वर्षं करतात. पूर्वी किती रक्त सोडायचं ते अंदाजाने ठरवायचे. आता कानोसा कानात असतो, दाब किती वर आला ते लगेच दिसतं, योग्य वेळी थांबता येतं. दहातल्या आठ-नऊ जणींना लगेच आराम पडतो. डोळ्यांना दोन दिसत नसते तर आणखी वाट पाहिली असती, त्या म्हणाल्या. आता मात्र त्या वाट बघायचा सल्ला देणार नव्हत्या. पण ईश्वरीने हो म्हटलं पाहिजे.

ईश्वरी नको म्हणाली. ती आडवी होती, तोंड भिंतीकडे. पाठीत पुन्हा सुई नको, त्याच जागी तर नकोच. पुन्हा भोक पडलं तर? मी आडवीच राहते, पंधरा दिवस राहते. डॉक्टरांनी समजावलं, सिस्टरांनी समजावलं. तेजस फोनवर बोलला, तो अजून शिरवळपर्यंतच आला होता. ती फक्त मान हलवत होती. शेवटी डॉक्टर म्हणाल्या की दहा मिनिटं विचार करा, आणि त्या बाहेर गेल्या.

खोलीत मी आणि ती. ती तोंड न वळवता म्हणाली, "आई असती तर काय म्हणाली असती?"

मला सोपं होतं. मागच्या वेळी केलं तसंच करायचं. तुझी आई म्हणाली असती, घे. एवढं म्हटलं असतं तर तिने घेतलं असतं. तोंडाशी आलंच होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "आणि ईश्वरी, ते इंजेक्शनचं ती मला कधी बोललीच नव्हती. मी खोटं सांगितलं. तुझ्या वेळी वीस तास मी बाहेर उभा राहून तिचा आवाज ऐकला. तेव्हा ती तुझ्याएवढीच होती. मला पुन्हा ते ऐकायचं नव्हतं. म्हणून मी तिचं नाव घेतलं. आता घेत नाही. हे माझं मत आहे, फक्त माझं. ठिबकणारी लाइन मी आयुष्यात कधी तशीच सोडली नाही, कारण ती आपोआप मोठी होते. मी तुझ्या जागी असतो तर बुजवून घेतली असती. पण पाठ तुझी आहे."

तिने चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही. मग तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढे झालो तर ती हसत होती. हसल्यानेही डोकं दुखत असावं, तिने कपाळ धरलं होतं.

"मला माहीत होतं, बाबा. लग्न ठरलं तेव्हाच मी आईला विचारलं होतं, ते इंजेक्शन घ्यायचं का. ती म्हणाली, मला काय विचारतेस, तुझं तू ठरव. तुमचं ऐकलं तेव्हाच कळलं की हे तुमचंच आहे. म्हणून तर घेतलं."

मी खुर्चीवर बसलो. उज्ज्वला कसं म्हणाली असेल ते मला जसंच्या तसं ऐकू आलं. हातातलं काम न थांबवता, भाजी निवडता निवडता. दीड वर्षात मी तिच्या नावावर काय काय खपवलं होतं, आणि ती बिचारी कुणाला काही सांगतच नव्हती.

"मावशी कुठंय?" ईश्वरीने विचारलं.

अक्का बाहेर बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी सांगितलं, तुम्हाला आत बोलावलंय. त्या उठेनात. म्हणाल्या, "दाजी, मी कुठल्या तोंडाने जाऊ? पोरीला मी मारून टाकलं असतं." मी म्हणालो, मी तुम्हाला नीट सांगितलं असतं तर तुम्ही असं केलं नसतं. निम्मी चूक माझी. त्या म्हणाल्या, निम्मी कशी, तुमची थोडी जास्तच. तेव्हा मला जरा धीर आला. बाळ सिस्टर गावितांकडे दिलं आणि त्या आत आल्या.

ईश्वरी त्यांना म्हणाली, "मावशी, मला धरून बस. पाठ वाकवून पडायचंय आणि हलायचं नाही. या बाबांना नको, हे भिंतीकडे बघत उभे राहतात."

डॉक्टरांनी रक्त काढलं. ईश्वरी कुशीवर झाली, गुडघे पोटाशी घेतले. अक्का तिच्यासमोर खाली गुडघ्यांवर बसल्या आणि तिचं डोकं छातीशी धरलं. त्या सारख्या काहीतरी पुटपुटत होत्या. देवाचं असावं असं मला वाटलं, पण नंतर ईश्वरीने सांगितलं की त्या डिंकाच्या लाडवांचं प्रमाण सांगत होत्या, एक किलो खारकेला किती डिंक, किती खोबरं. लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. या वेळी मी भिंतीकडे बघितलं नाही. मी पडद्यावरचा आकडा बघत होतो. डॉक्टर रक्त हळूहळू सोडत होत्या आणि आकडा चढत होता. सात. नऊ. जरा थांबला. अकरा. मी आयुष्यभर असे आकडे पाहिले आहेत. गळती बुजवून झाली, चावी फिरवली की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा असाच चढतो. पण त्या काट्याकडे बघताना माझा श्वास कधी अडकला नव्हता.

"बास," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या, आणि सुई काढली.

तासभर तिला पाठीवर आडवं ठेवलं. तेवढ्यात तेजस आला. सिस्टर गावितांनी बाळ त्याच्याकडे दिलं आणि अक्कांना जबरदस्तीने चहा पाजला. उन्हं खिडकीतून पलंगावर आली होती.

मग डॉक्टर म्हणाल्या, आता बसा. सावकाश. डोळ्यांना दोन दिसणं जायला कदाचित काही दिवस लागतील, त्याला घाबरू नका. मला डोक्याचं सांगा.

एका बाजूने अक्कांनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी. ईश्वरी उठून बसली. पाय पलंगाखाली सोडले. तिने डोळे मिटले नाहीत, दातही आवळले नाहीत. ती समोर बघत नुसती बसून राहिली, मान किंचित वाकडी करून.

"दहापैकी किती दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

ती काहीच बोलेना. मला राहवेना. मी म्हणालो, ईश्वरी, सांग ना, किती?

"थांबा हो बाबा," ती म्हणाली. "शोधतेय."

आम्ही सगळे थांबलो. तिने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. वर छताकडे पाहिलं, खाली पायांकडे पाहिलं. बराच वेळ ती शोधत होती. कुठेच सापडलं नाही.